'त्सूद' म्हणजे मारणे की धरणे?

प्रश्न : सप्रेम सलाम. आमच्या मंडळीत दर शनिवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास होतो. मागच्या महिन्यात बायबलमधील विलापगीताचा तिसरा अध्याय वाचताना 'माझ्या शत्रूंनी पाखरासारखी माझी पारध केली' या अर्थाच्या वचनावर चर्चा झाली. आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले की, इसहाकाने एसावाला रानात शिकारीला पाठवले, त्या ठिकाणी मूळ इब्री (हिब्रू) भाषेत हेच क्रियापद आहे. पण एसाव धनुष्यबाण घेऊन गेला होता, आणि पाखरू तर जाळ्यात धरतात. दोन्हींसाठी एकच क्रियापद कसे चालते? 'शिदोरी' या अर्थाचा इब्री शब्दही त्याच धातूचा आहे, असेही ते म्हणाले. ते काही आम्हाला पटले नाही. कृपया सविस्तर खुलासा करावा.
— एक वाचक, नवापूर तालुका (जि. नंदुरबार)

उत्तर : आपल्या वडीलधाऱ्यांचे पहिले विधान पूर्ण बरोबर आहे, आणि दुसरेही आपण समजता तितके दूरचे नाही. दोन्हींचा विचार सावकाश करू.

क्रियापद 'त्सूद' असे आहे. त्यातील पहिला वर्ण आजच्या इब्री उच्चाराप्रमाणे 'त्स' आहे, आणि मराठी माणसाला तो मुद्दाम शिकावा लागत नाही. 'चाक', 'चूल', 'चारा' या शब्दांतला दंत्य 'च' उच्चारून पाहावा. 'चहा' किंवा 'चिंच' यांतला तालव्य 'च' नव्हे. प्राचीन काळी हा वर्ण बहुधा दाट, घट्ट 'स' सारखा असावा, कारण अरबीत त्याच्या जागी आजही तसाच वर्ण येतो. हे क्रियापद संपूर्ण जुन्या करारात जेमतेम वीसेक वेळा येते, त्यामुळे त्याची जवळपास सर्व स्थळे समोर ठेवून अर्थ ठरवता येतो. एखाद्या शब्दाच्या बाबतीत इतकी सोय क्वचितच मिळते.

आधी उत्पत्तीचा सत्ताविसावा अध्याय पाहू. इसहाक म्हातारा झाला आहे, दृष्टी गेली आहे, आणि तो थोरल्या मुलाला सांगतो की भाता आणि धनुष्य घे, रानात जा, आणि 'त्सूदा ली त्सायिद'. यातील 'त्सूदा' हे आज्ञार्थी रूप, 'ली' म्हणजे माझ्यासाठी, आणि 'त्सायिद' हे त्याच धातूचे नाम. आपण 'गाणे गा', 'लढाई लढली', 'खेळ खेळला' म्हणतो, तशीच ही रचना आहे. क्रियापदाला त्याच्याच घरातले कर्म. शिवाय 'त्सायिद' या नामाला दोन अर्थ आहेत, शिकारीची क्रिया आणि शिकारीत हाती लागलेला प्राणी. मराठी 'शिकार' शब्दाचेही असेच आहे. 'तो शिकारीला गेला' आणि 'त्याने शिकार खांद्यावर टाकून आणली' ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो. म्हणून या ठिकाणी भाषांतरकाराला फारसा त्रास पडत नाही.

परंतु त्याच अध्यायात पुढे जे घडते, ते या क्रियापदाच्या दृष्टीने फार बोलके आहे. रिबका कळपातली दोन कोवळी करडे आणवते आणि नवऱ्याला आवडते तसे कालवण रांधते. धाकटा मुलगा याकोब एसाव असल्याचे भासवून ते घेऊन आत जातो. रान नाही, बाण नाही, पाठलाग नाही. इसहाकाला शंका येते. इतक्या लवकर कसे सापडले, असे तो विचारतोही. पुढे खरा एसाव येऊन उभा राहतो, तेव्हा म्हातारा थरथर कापत विचारतो, 'मग तो कोण होता, ज्याने शिकार करून माझ्याकडे आणली?' (२७:३३). इथे पुन्हा तेच क्रियापद आहे. दावणीच्या करडांना इसहाक अजूनही 'त्सायिद'च म्हणतो आहे, कारण त्याच्या लेखी जे हाती आले आणि ताटात पडले ते त्सायिद. कथाकाराने हा शब्द इसहाकाच्या तोंडी मुद्दाम ठेवला असावा, असे मला वाटते. फसवणूक किती खोल गेली आहे, हे त्या एका शब्दावरून कळते.

आता आपल्या मूळ शंकेकडे येऊ. 'त्सूद' म्हणजे बाण मारणे की जाळ्यात धरणे? सर्व स्थळे एकत्र पाहिली की दिसते, क्रियापदाचा भर जीव घेण्यावर नाही, हाती लागण्यावर आहे. मीखा ७:२ मध्ये प्रत्येक जण आपल्या भावाला जाळ्याने धरतो, असे म्हटले आहे आणि क्रियापद हेच आहे. ईयोब ३८:३९ मध्ये देव विचारतो की सिंहिणीसाठी भक्ष्य तू धरून देशील काय, आणि क्रियापद हेच आहे. नीतिसूत्रे ६:२६ मध्ये परस्त्री मोलाचा जीव आपल्या पाशात ओढते, तिथेही हेच. यहेज्केल १३ मध्ये मनगटांवर पट्ट्या शिवणाऱ्या आणि डोक्यांवर बुरखे घालणाऱ्या, मूठभर जव आणि भाकरीच्या तुकड्यांसाठी खोटे भविष्य सांगणाऱ्या स्त्रियांवर जो ठपका आहे, त्यात हे क्रियापद अधिक जोरकस रूपात येते. त्या माणसांचे जीव पाखरांसारखे धरतात, असा तो आरोप आहे. यांपैकी कुठेही बाण नाही. बाण फक्त एसावाच्या भात्यात आहे, आणि तोही साधन म्हणून. क्रियापदाच्या अर्थात तो नाही.

मराठीत या दोन छटा वेगळ्या वाटतात, याचे कारण आपले शब्द निरनिराळ्या वाटांनी आले आहेत. 'शिकार' फारसीतून आला. 'मृगया' ज्या धातूवरून झाला, त्याचा अर्थ शोधणे, माग काढणे असा आहे. म्हणजे संस्कृतने शिकारीकडे शोधाच्या टोकाने पाहिले आणि इब्रीने धरण्याच्या टोकाने. 'पारध' हा प्राकृत 'पारद्धि'चा वंशज आणि त्यामागे संस्कृत 'पापर्द्धि' आहे. या तिन्हींपैकी 'त्सूद'च्या सर्वांत जवळ 'पारध' जातो, कारण पारधीत फास, जाळे, वाघूर, खड्डा, बाण सारे सामावते. (वाघूर म्हणजे सशासारखे प्राणी धरण्याचे जाळे. जळगाव जिल्ह्यातल्या वाचकांना या शब्दाबरोबर आधी नदीच आठवेल.) आपला कायदाही याच व्यापक अर्थाने चालतो; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबर पकडणे, फासात अडकवणे, सापळा लावणे, हाका करून हुसकणे आणि आमिष दाखवणे हेही मोडते. जिवंत धरलेले पाखरूसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच ठरते, आणि इब्री भाषेतही.

विलापगीताच्या वचनाकडे थोडे जवळून पाहू. ३:५२ ची सुरुवात 'त्सोद त्सादूनी कत्सिप्पोर' अशी आहे. एकच धातू लागोपाठ दोनदा आला आहे, आणि इब्रीत अशा द्विरुक्तीने क्रिया पक्की, निःशंक झाल्याचे सांगतात. 'धरायचे म्हणून धरलेच मला, पाखरासारखे' असे बोलीत म्हणता येईल. तिन्ही शब्द एकाच 'त्स' वर्णाच्या ठसक्याने जोडलेले आहेत, कारण पाखराला इब्रीत 'त्सिप्पोर' म्हणतात. वचनाच्या शेवटी 'हिन्नाम' शब्द येतो. त्याचा अर्थ विनाकारण, फुकाफुकी. त्या पाखराने काहीच केलेले नव्हते.

पुढच्या अध्यायात, ४:१८ मध्ये, 'त्यांनी आमच्या पावलांची पारध केली, आम्हाला आमच्याच चौकांतून चालता येईना' असे आहे. पावलांची पारध म्हणजे काय, हे मला कोणत्याही कोशाने समजावले नाही. ते मला तापीकाठच्या आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्याने फार पूर्वी समजावले होते, अर्थात हे वचन त्याला ठाऊक नसताना. मी तेव्हा शाळकरी होतो. ज्वारीची कापणी झालेल्या शेतात त्याने एक लांब दोरी जमिनीलगत ताणली होती आणि तिला घोड्याच्या शेपटीच्या केसांचे करंगळीएवढे फास ओळीने बांधले होते. तितर उडून फासात येत नाही, चालत येतो, दाणे टिपत, धांडांच्या बुडख्यांमधून वाट काढत. फासात त्याची मान नाही, पाय अडकतो. एक तितर अडकला आणि त्याने पाय ओढला. जितका ओढला, तितका केस आवळत गेला. म्हाताऱ्याने तो सोडवून माझ्या तळहातांत दिला. तो पूर्ण जिवंत होता, गरम होता, आणि त्याच्या छातीची धडधड माझ्या बोटांना लागत होती. वेढा पडलेल्या यरुशलेमेत माणसांना आपल्या गल्लीतून पाऊल टाकता येत नव्हते, ही गोष्ट सांगताना कवीने हे क्रियापद का निवडले, ते त्या तितराच्या पायाने मला कळले. तिथे 'त्यांनी आमच्यावर पाळत ठेवली' असे गुळगुळीत भाषांतर केले, तर तो फास दिसत नाही.

मग भाषांतरात सगळीकडे 'पारध' वापरावे का? क्रियापदासाठी शक्य तिथे जरूर वापरावे. नामासाठी मात्र मी थांबेन. 'त्सय्याद' म्हणजे शिकार करणारा. त्याला मराठीत 'पारधी' म्हणावेसे वाटते, पण पारधी हे आपल्याकडे एका जिवंत समाजाचे नाव आहे, आणि फासेपारधी या नावात तर फासही आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या, त्यांत पुढे या समाजाचीही गणना झाली, आणि तो शिक्का कागदावरून १९५२ साली पुसला गेला तरी माणसांच्या बोलण्यातून तो पुरता गेलेला नाही. यिर्मया १६:१६ मध्ये देव आधी पुष्कळ कोळी पाठवतो आणि मग पुष्कळ 'त्सय्यादीम', जे लोकांना डोंगराडोंगरांवरून आणि खडकांच्या कपारींतून शोधून धरतात. तिथे ते परक्या सैन्याचे रूपक आहे. मंडळीत पारधी घरातले मूल बसलेले असताना ते वचन 'पारधी' म्हणून मोठ्याने वाचले जावे, हे मला सोसणार नाही. तिथे 'शिकारी' म्हणावे. त्याने अर्थामध्ये काहीही उणे पडत नाही.

आता शिदोरी. इब्रीत 'त्सेदा' हा शब्द प्रवासात बरोबर घ्यायच्या अन्नासाठी येतो. योसेफ आपल्या भावांच्या गोण्या धान्याने भरून वाटेसाठी त्सेदा देतो (उत्पत्ती ४२:२५); मिसरातून घाईने निघालेल्या लोकांना त्सेदा तयार करता आली नाही, म्हणून त्यांनी बेखमीर भाकरी भाजल्या (निर्गम १२:३९). 'त्सायिद' हे नामही कधी कधी शिकार सोडून नुसते अन्न या अर्थाने येते. नहेम्या १३:१५ मध्ये शब्बाथ दिवशी जे अन्न विकले जात होते, ते त्सायिदच. हे शब्द शिकारीच्याच धातूचे, की उच्चार जुळलेला दुसराच धातू, याबद्दल कोशकारांत एकमत नाही, आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी जे ठामपणे सांगितले, ते एका पक्षाचे मत म्हणून घ्यावे. माझा कल मात्र त्यांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण सांगतो.

उत्पत्ती २७:३ मध्ये वर दिलेल्या वाक्याच्या शेवटी मूळ अक्षरांत 'त्सेदा' असे लिहिलेले आहे आणि समासात 'त्सायिद' असे वाचा, अशी सूचना आहे. जुन्या इब्री लेखकांनी पवित्र अक्षरांना हात न लावता वाचनाची दुरुस्ती समासात नोंदवण्याची ही रीत पाळली होती. म्हणजे एसावाला जे आणायला सांगितले, त्याच्या अक्षरांत शिदोरीचा शब्द आहे आणि वाचनात शिकारीचा. तसेच ईयोबात सिंहिणीच्या भक्ष्यासाठी जिथे 'त्सूद' आले, त्यापुढे दोनच वचनांवर, ३८:४१ मध्ये, कावळ्याच्या अन्नासाठी 'त्सायिद' आले आहे. ऐकणाऱ्याच्या कानाला हे दोन शब्द सख्खेच वाटले असणार. ज्या घरात रानातून आणलेले तेच रात्रीचे जेवण असते, त्या घरात धरणे आणि खाणे यांना जोडणारा शब्द असणे स्वाभाविक आहे. सातपुड्यातल्या वाचकांना हे मी वेगळे सांगायला नको.

यहोशवाच्या नवव्या अध्यायात यावरून एक क्रियापदही बनलेले दिसते. गिबोनचे लोक दूरच्या देशाचे असल्याचे सोंग करून येतात, फाटकी पायतणे दाखवतात, आणि बुरसलेली भाकरी पुढे करून म्हणतात की निघालो त्या दिवशी घरून ही गरम गरम शिदोरी बांधून घेतली होती (९:१२). 'शिदोरी घेतली' एवढ्यासाठी तिथे 'हित्स्तय्यादनू' हे एकच रूप आहे. गंमतीचा भाग असा की ९:४ मध्ये तसेच रूप असायला हवे, पण हाती आलेल्या इब्री पाठात 'द' च्या जागी 'र' आहे आणि अर्थ 'दूत असल्याचे सोंग केले' असा होतो. इब्रीत या दोन अक्षरांत फरक फक्त एका बारीक कोपऱ्याचा आहे, जसा घाईच्या मराठी हस्ताक्षरात 'घ' आणि 'ध' मध्ये असतो. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी तिथे शिदोरीचाच अर्थ घेतला आहे, आणि पुढच्या वचनात भाकरीच असल्यामुळे तोच मला योग्य वाटतो.

लेवीय १७:१३ चा उल्लेख करून हे उत्तर थांबवतो. तिथे नियम असा की खाण्याजोगा पशू किंवा पक्षी कोणी पारधीत धरला, तर त्याने त्याचे रक्त जमिनीवर ओतून ते मातीने झाकावे. पारध करायला मनाई नाही, पण रक्त उघडे टाकायचे नाही.

प्रश्न : १ शमुवेल २४:११ मध्ये दावीद शौलाला म्हणतो की तू माझा जीव घ्यायला टपला आहेस. काही भाषांतरांत तिथेही शिकारीचा शब्द आढळतो. मूळ क्रियापद 'त्सूद' हेच आहे का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : नाही. तिथे 'त्सादा' हे वेगळे क्रियापद आहे. ते 'त्सूद'शी कानाला जवळचे आहे, पण त्याचा अर्थ दबा धरणे, टपून बसणे असा होतो. निर्गम २१:१३ मध्ये ज्याने दबा धरला नव्हता आणि तरी ज्याच्या हातून माणूस मेला, त्याला आश्रयाची जागा मिळावी, असा नियम आहे. तिथे हेच क्रियापद आहे. न्यायाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण त्यावर माणसाचा प्राण अवलंबून होता. भाषांतरात 'शिकार' घातल्याने 'त्सादा'मधला हेतू पुसट होतो, म्हणून 'टपला आहेस' हेच नेमके आहे.

शिकारीचे खरे रूपक दावीद पुढे, २६:२० मध्ये वापरतो. डोंगरात तितराचा पाठलाग करावा, तसा इस्राएलाचा राजा माझ्यामागे लागला आहे, असे तो म्हणतो, आणि तिथे तिसरेच क्रियापद, 'रादाफ', पाठलाग करणे, आले आहे. तितराला इब्रीत 'कोरे' म्हणतात, त्याचा अर्थ हाक मारणारा. त्या वेळी दावीद खरोखरच दूरच्या टेकडीच्या माथ्यावर उभा राहून हाका मारत होता, आणि सेनापती अबनेर 'राजाला हाका मारणारा तू कोण?' असे विचारत होता. पहाटे शिवारात तितराची टकटकीत हाक ज्यांनी ऐकली आहे, त्यांना दावीदाने स्वतःला हे नाव का दिले, ते लगेच उमजेल.

प्रश्न : उर्दू गझलांमध्ये 'सय्याद' हा शब्द नेहमी येतो. त्याचा आणि इब्री शब्दाचा काही संबंध आहे काय? आणि 'मेत्सुदा' म्हणजे किल्ला की जाळे?
— एक वाचक, धुळे

उत्तर : संबंध आहे, आणि तो थेट आहे. 'सय्याद' अरबीतून फारसीमार्गे उर्दूत आला. अरबी आणि इब्री या एकाच कुळातल्या भाषा आहेत, आणि 'सय्याद' व 'त्सय्याद' ही एकाच धातूची, एकाच साच्यात घडलेली दोन रूपे आहेत. गझलेतला सय्याद बुलबुलाला मारत नाही, पिंजऱ्यात ठेवतो, हे लक्षात घेतले तर वरच्या उत्तरातील मुद्दा अधिक स्पष्ट होईल.

'मेत्सुदा' हे दोन्ही आहे. यहेज्केल १२:१३ मध्ये तो शब्द राजाला धरणाऱ्या जाळ्यासाठी येतो आणि अठराव्या स्तोत्राच्या आरंभी देव माझा दुर्ग आहे, या अर्थाने. बहुतेक कोश हे दोन शब्द वेगळे मानून त्यांची स्वतंत्र नोंद करतात, आणि वाचताना संदर्भावरून ते वेगळे ओळखणे अवघड जात नाही.